परतलेला आवाज

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या स्नेहमेळाव्यात झालेले भाषण)



गेली साठ वर्षे या शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होत आला आहे. पेटीचा भाता हलतो, काळी चार की काळी पाच याचा निर्णय संगीताचे शिक्षक करतात आणि रांगेत उभी असलेली मुले एकसुरात, निदान एकसुराच्या आसपास, गाऊ लागतात. आज येथे बसलेल्यांपैकी बहुतेक सर्व जण कधी ना कधी त्या रांगेत उभे होते. त्या रांगेत प्रत्येक पिढीत एखादे तरी मूल असे असते, की ज्याच्या कानाशी वाकून सांगितले जाते, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव." कधी त्या मुलाचा आवाज फुटू लागलेला असतो. कधी ते दीर्घ आजारातून उठून शाळेत आलेले असते आणि त्याचा पूर्वीचा गोड स्वर हरवलेला असतो. पाहुणे यायचे असतात, कार्यक्रम चांगला व्हायचा असतो. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. मूल मात्र ते वाक्य विसरत नाही.

आजचे भाषण त्या मुलापाशी सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपणार आहे. मधली वाट देवासवरून जाते, कारण आजाराने गेलेला गाता आवाज माणसाकडे कसा परत येतो, आणि परत येतो तेव्हा तो कोणत्या रूपात येतो, हे पंडित कुमार गंधर्वांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

कुमारजींचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी त्यांचा जन्म झाला. घरची भाषा कन्नड. अगदी लहान वयात या मुलाच्या गळ्यातून गाणे प्रकट झाले, आणि तेही अशा रीतीने, की मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवी. सूर, ताना, हरकती, शब्द उच्चारण्याची लकब, सारे जसेच्या तसे. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यांना बालपणीच मिळाली आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी संगीत परिषदांतून या मुलाचे गाणे ऐकून जाणते श्रोते थक्क होत. त्यानंतर ते मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात आले.

देवधर मास्तर हे चिकित्सक वृत्तीचे गुरू होते. त्यांनी या मुलाला निरनिराळ्या घराण्यांचे गाणे ऐकू दिले, त्यावर विचार करायला लावले. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारजींना विद्या मिळाली. विशीत पोहोचेपर्यंत ते स्वतः शिकवू लागले होते. आवाज लवचीक, दमदार, तिन्ही सप्तकांत फिरणारा. १९४७ मध्ये त्याच विद्यालयात शिकलेल्या भानुमतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. वय तेवीस, नाव देशभर झालेले, पुढे सारा मोकळा रस्ता. त्याच वर्षी क्षयाचे निदान झाले.

क्षय या शब्दाचा १९४७ मधला अर्थ आजच्या तरुण पालकांना कदाचित पूर्णपणे जाणवणार नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी या रोगाचा जंतू जगापुढे मांडला होता, म्हणजे कारण कळून पासष्ट वर्षे झाली होती. परंतु जंतूला मारणारे औषध सर्वसामान्य रुग्णाच्या हाती नव्हते. विश्रांती, कोरडी स्वच्छ हवा आणि सकस आहार हेच तीन उपाय. श्रीमंतांसाठी आणि नशीबवानांसाठी आरोग्यधामे होती. काही रुग्णांच्या छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मुद्दाम दबलेले ठेवीत, जेणेकरून त्याची हालचाल थांबावी आणि जखम भरून यावी. या साऱ्या उपचारांचे सूत्र एकच होते: फुफ्फुसाला काम देऊ नका. ज्याचे आयुष्यच फुफ्फुसातल्या हवेवर उभे आहे, अशा गायकाला या सूत्राचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कुमारजींना डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली. गाणे जिवावर बेतू शकते, असे त्यांना बजावण्यात आले.

मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या ठिकाणी जावे, असा सल्ला मिळाला आणि जानेवारी १९४८ च्या अखेरीस हे नवविवाहित जोडपे माळव्यात देवासला आले. देवास हे पवारांचे संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांचे. त्याच वर्षी ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. महाराष्ट्रापासून दूर असूनही त्या गावात मराठी कानावर पडत होती; जवळच, सुमारे ३५ किलोमीटरवर, होळकरांचे इंदूर होते. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा साठ वर्षे चालवणाऱ्यांना अशा गावाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पुढे ज्यांच्याशी कुमारजींचे घनिष्ठ मैत्र जुळले ते रसिकाग्रणी रामूभैया दाते, पत्रकार राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर हे सारे याच परिसरातले.

देवासला पहिली काही वर्षे गेली ती अंथरुणावर. या काळाचे वर्णन ज्यांनी ज्यांनी केले आहे, त्यांनी दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत. पहिली ही, की ते पडल्यापडल्या जवळजवळ ऐकू न येईल अशा स्वरात गुणगुणत असत. दुसरी ही, की ते ऐकत असत. पक्षी, वारा, रस्त्याने गात जाणारे भजनी, भिक्षेकरी, लग्नकार्यातल्या बायका. गळा बंद होता. कान उघडे होते.

या ऐकण्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातून उगवले आहे. लहानपणीही हा मुलगा ऐकतच होता. पण ते ऐकणे लगेच गाऊन दाखवण्यासाठी होते. कानात पडले की गळ्यात आले. आता गळ्याचा मार्ग बंद झाल्यामुळे ऐकलेले आतच राहू लागले. माळव्यातल्या स्त्रिया तीन-चार स्वरांत एवढे कसे सांगतात? एकच धून लग्नात एक भाव दाखवते आणि पावसाळ्यात दुसरा, तो फरक कशाने पडतो? आणि शास्त्रकारांनी ज्यांना राग म्हणून नियमांत बसवले, ते मुळात कोणाच्या तोंडी होते? असे प्रश्न ज्याला रोज मैफल करायची आहे त्याला परवडत नाहीत. त्यांना वेळ लागतो. आजाराने कुमारजींपाशी वेळाशिवाय दुसरे काही ठेवले नव्हते.

देवासच्या आसमंतात नाथपंथाची परंपरा जिवंत होती. शीलनाथ महाराजांची धुनी तेथे आहे. निर्गुणी भजने गाणारे साधू आणि गावकरी एकतारीवर जे गात, त्यात सभा जिंकण्याचा हेतू नसे. आवाज मोकळा फेकायचा आणि सोडून द्यायचा. फेकल्यानंतर उरणारी शांतता हाही त्या गाण्याचाच भाग. कुमारजींनी पुढे कबीर आणि नाथपंथीय रचना ज्या रीतीने गायल्या, त्या रीतीचे बीज या ऐकण्यात आहे.

या साऱ्या काळात घर कोणी चालवले, हा प्रश्न गायकांच्या चरित्रांत पुष्कळदा मागे पडतो. भानुमतीबाई स्वतः गाणे शिकलेल्या होत्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि त्या पगारावर संसार व औषधपाणी सांभाळले. सकाळी शाळा, उरलेल्या वेळात रुग्णाची शुश्रूषा. पथ्य, विश्रांतीच्या वेळा, ताप पाहणे, भेटायला येणाऱ्यांची मर्यादा, आणि मुख्य म्हणजे ज्याला गाण्यावाचून राहवत नाही त्याला न गाऊ देण्याचे कठीण काम. शाळेतल्या प्रत्येक शिक्षिकेला हे ठाऊक आहे, की वर्गात दिवसभर उभे राहून घरी आल्यावर आणखी एका माणसाचे धैर्य टिकवणे म्हणजे काय असते. क्षयाचा रुग्ण घरी राहूनही बरा होऊ शकतो, हे पुढे १९५६ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने शास्त्रीय रीतीने दाखवून दिले आणि जगभर उपचाराची दिशा बदलली. देवासच्या एका घरात हे आधीच घडले होते.

औषध आले ते मातीतून. १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयाच्या जंतूला रोखणारे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. वॅक्समन यांना १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास हे औषध कुमारजींपर्यंत पोहोचले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा एक ज्ञात दुष्परिणाम कानावर होतो. काही रुग्णांची श्रवणशक्ती त्याने कायमची कमी होते. म्हणजे जे औषध गायकाला श्वास परत देणार, तेच त्याचा कान घेऊन जाण्याची शक्यता होती. कुमारजींचा कान शाबूत राहिला. तानपुरे इतके सूक्ष्म जुळवून घेण्याबद्दल जे पुढे आयुष्यभर ख्यात झाले, त्यांच्या बाबतीत हे केवढे दैव म्हणायचे!

प्रकृती हळूहळू सुधारली. १९५३ मध्ये त्यांनी आजारानंतरची पहिली जाहीर मैफल केली. वयाच्या तेविसाव्या वर्षी थांबलेला माणूस एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा तानपुऱ्यांच्या मध्ये बसला.

परंतु जो आवाज गेला होता तो परत आला नव्हता. हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते. गाता आवाज कसा निर्माण होतो ते पाहा. फुफ्फुसांतून हवा वर येते, स्वरयंत्रातले दोन पडदे त्या हवेने थरथरतात, आणि घसा, तोंड, नाक यांच्या पोकळीत तो नाद आकार घेतो. पडदे उत्तम असले तरी खालून येणारी हवाच अपुरी असेल तर स्वर लांबवता येत नाही. पेटीचा भाता फाटला की सूर असूनही पेटी बोलत नाही, तसेच. दीर्घ आलाप, एका श्वासात तीन आवर्तने व्यापणारी तान, हे सारे आता शरीराबाहेरचे होते.

अशा वेळी माणसापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे जुन्या आवाजाची नक्कल करीत राहणे. थकलेल्या श्वासाने पूर्वीच्या ताना ओढणे आणि प्रत्येक मैफलीनंतर पूर्वी कसे होते याची खंत करणे. ज्याने बालपणी इतरांच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करून नाव मिळवले, त्याला स्वतःच्या जुन्या गाण्याची नक्कल करणे अवघड नव्हते. कुमारजींनी दुसरा मार्ग धरला. आज श्वास किती आहे, तेवढ्यात काय सांगता येईल, येथून त्यांनी सुरुवात केली. लहान लहान स्वरवाक्ये. एक तेजस्वी, टोकदार स्वरसमूह वर फेकायचा आणि थांबायचे. त्या थांबण्यात तानपुरे बोलत राहतात, म्हणून तानपुरे निर्दोष हवेत. मग आणखी एक स्वरसमूह. मध्यलयीला त्यांच्या गाण्यात प्रमुख स्थान मिळाले. बंदिशीचे शब्द आणि त्यांचा आशय श्वासाच्या मापाने नव्याने तोलले गेले. श्वास घेण्यासाठी थांबावे लागते ही उणीव होती. ते थांबणे अर्थपूर्ण करणे हे त्यांचे कर्तृत्व होय.

सर्वांना हे रुचले असे नाही. काही जाणकारांनी हे सारे दुबळ्या फुफ्फुसाचे निमित्त ठरवले. विलंबित झेपत नाही म्हणून मध्यलय, तान पुरत नाही म्हणून तुकडे, असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र एक फुफ्फुस निकामी झालेले रुग्ण त्या काळी पुष्कळ होते. त्यामुळे कोणाला नवी गायकी सापडली नाही. फुफ्फुसाने फक्त मर्यादा घालून दिली. त्या मर्यादेत काय भरायचे हे सहा वर्षांच्या ऐकण्याने ठरवले.

ते भरलेले काय होते, याची मोजदाद करता येते. कुमारजींनी माळव्याच्या लोकधुना गोळा केल्या, त्यांचा अभ्यास केला आणि त्या मैफलीत मांडल्या. लोकधुनांतून उगवलेले राग म्हणून त्यांनी त्यांना 'धुनउगम राग' असे नाव दिले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मघवा ही त्यांतली काही नावे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीला 'गांधी मल्हार' आला. स्वतःच्या रचनांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'गीतवर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' अशा ऋतूंवरच्या मैफली झाल्या. भा. रा. तांबे यांच्या कवितांची 'तांबे गीतरजनी' झाली. तांबे हेही माळव्यात वाढलेले मराठी कवी, हे येथे मुद्दाम सांगावेसे आहे. 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात त्यांनी नारायणराव राजहंसांच्या गाण्याकडे नव्या नजरेने पाहिले. शीर्षकातला 'मला उमजलेले' हा शब्दप्रयोग फार बोलका आहे. ज्या मुलाने बालपणी इतरांचे गाणे जसेच्या तसे उचलले, तो आता दुसऱ्याचे गाणे गाताना ते आपल्याला कसे उमजले एवढेच सांगत होता.

वाट सरळ नव्हती. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. ज्या आवाजासाठी त्यांनी तेरा-चौदा वर्षे झिजवली, त्याचे खरे वैभव पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या कुमारजींच्या घराचे नाव 'भानुकुल' आहे. पुढे वसुंधराताई श्रीखंडे त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. जमशेदपूरला जन्मलेल्या, कोलकात्यात वाढलेल्या आणि देवधर मास्तरांकडे शिकायला मुंबईला आलेल्या या गायिकेने अनेक वर्षे मैफलीत कुमारजींना स्वरसाथ केली. एकाचा श्वास जेथे थांबतो तेथे दुसऱ्याचा स्वर सांभाळून घेतो, हे श्रोत्यांनी मैफलीत प्रत्यक्ष ऐकले आहे. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारजींचे निधन झाले. त्याआधी १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळाले होते. डॉक्टरांनी कधीच गाता येणार नाही असे सांगितलेला माणूस आजारानंतर जवळजवळ एकोणचाळीस वर्षे गात राहिला.

हे उदाहरण एकमेव नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचाही आवाज तरुणपणी गेला होता. कारण वेगळे होते. एका छोट्या संस्थानाच्या दरबारात दिवसरात्र गावे लागल्याने गळ्यावर अतोनात ताण पडला आणि आवाज बसला. तो पूर्ववत झाला नाही. परतलेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी घडवली. पेचदार, बुद्धीला आवाहन करणारी, स्वरांच्या गुंतागुंतीतून पुढे सरकणारी. पुढे ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या थोर गायक-गायिकांना त्यांनी विद्या दिली. एक आवाज अतिश्रमाने गेला, एक रोगाने गेला. दोन्ही बदलून परतले आणि दोन्हींपासून मराठी माणसाच्या कानाला लाभलेले गाणे जन्मले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अशा कथा सांगताना आजाराचे गोडवे गाण्याचा मोह होतो. आजारामुळेच माणूस मोठा झाला, असे म्हणणे हे ज्यांचे आप्त त्याच रोगाने गेले त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. क्षयाने या देशातल्या असंख्य घरांतली तरुण माणसे नेली आणि त्यांत गाणारे गळेही असतील. कुमारजी वाचले ते वेळेवर मिळालेल्या औषधाने, एका स्त्रीच्या कष्टाने आणि सांगितलेली विश्रांती पाळल्याने. गायकी नंतर आली. आधी जीव वाचावा लागतो. म्हणून आजारी मुलाला धैर्याच्या कथा सांगण्यापूर्वी त्याची गोळी वेळेवर दिली जाते की नाही, हे पाहणे हा पालकांचा पहिला धर्म आहे.

त्याच अनुषंगाने काही व्यवहारातल्या गोष्टी पालकांनी आणि शिक्षकांनीही लक्षात ठेवाव्यात. आवाज बसला असता कुजबुजत बोलल्याने गळ्याला विश्रांती मिळते, ही समजूत बरोबर नाही. कुजबुजीनेही स्वरयंत्रावर ताण येतो. मौन पाळणे, पाणी भरपूर पिणे, सतत खाकरण्याची सवय टाळणे हे अधिक हिताचे. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर घरगुती काढ्यांवर न विसंबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. मोठ्या आजारानंतर गाणे पुन्हा सुरू करताना प्रथम मंद गुणगुणणे, मग खालच्या सप्तकातला सोपा षड्ज, तोही थोडा वेळ. आणि थकवा आला की थांबणे. आपल्याकडच्या जुन्या गुरूंनी मंद्रसाधनेला एवढे महत्त्व दिले, त्यामागे हा अनुभव असावा. मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा तो साधारण एक सप्तक खाली उतरतो. हा आजार नव्हे. त्या वर्षा-दोन वर्षांत मुलाला जुन्या पट्टीत गायला लावणे आणि मग तो बेसूर झाला म्हणून बाजूला करणे, या दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत. पट्टी बदलावी, मूल बदलू नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी या मेळाव्यात एक प्रश्न विचारला आहे, की शाळेचे पूर्वीचे दिवस परत येतील का. एकेका वर्गाच्या दोन-दोन तुकड्या, स्नेहसंमेलनाला उभे राहायला जागा नाही, असे ते दिवस होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माध्यमाच्या शाळेचा श्वास आज पूर्वीइतका दीर्घ नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मराठी घरांतली मुलेही इतर माध्यमांत जातात आणि त्यांच्या आईवडिलांची कारणे खोटी नसतात. तेव्हा प्रश्न असा विचारावा, की आज जेवढा श्वास आहे तेवढ्यात ही शाळा काय गाऊ शकते. कुमारजी माळव्यात राहून माळव्याचे गाणे ऐकत राहिले. घरात कन्नड, मित्रांत मराठी, गाण्यात माळवी, हिंदी आणि ब्रज. त्यातल्या कोणत्याही एका भाषेने दुसरीला मारले नाही. ज्या गावाने शाळेला साठ वर्षे जागा दिली, त्या गावाचे सूर ऐकणारी मराठी शाळा लहान असली तरी तिचे गाणे उसने असणार नाही.

आता पुन्हा त्या प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलाकडे वळू.

दीर्घ आजारानंतर एखादे मूल शाळेत परत येते तेव्हा त्याला पहिला प्रश्न असतो, "किती अभ्यास बुडाला?" तो प्रश्न आवश्यक आहे, वह्या पूर्ण करायच्या असतात, परीक्षा तोंडावर असते. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जावा: "पडल्यापडल्या काय काय ऐकलेस?" खिडकीतून येणारे आवाज, आजीने सांगितलेल्या गोष्टी, शेजारच्या घरातली भांडणे, रात्रीच्या आगगाडीची शिट्टी. ते मूल सांगू लागले तर वर्गाने ऐकून घ्यावे. त्या दोन महिन्यांत त्याचे सारेच बुडाले असे नव्हे, एवढे त्याला कळले तरी पुरे.

आणि उद्या सकाळी प्रार्थना सुरू होईल तेव्हा कोणाही मुलाला नुसते ओठ हलवायला सांगितले जाऊ नये. आवाज घोगरा असेल, अर्धा असेल, ओळ संपण्यापूर्वीच श्वास संपत असेल. जेथे त्याचा श्वास थांबेल तेथे शेजारच्या मुलाचा स्वर सांभाळून घेईल. समूहगानाचा उपयोग तोच आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेने आपल्या मुलांना एवढे एक वचन द्यावे, ही विनंती.